चिखलदऱ्याची कॉफी

आज परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. सुमारे ११०० मीटर उंचीवर, सावलीतली कॉफीची झाडं. आपल्या विदर्भात कॉफी पिकते हे सांगितलं की अजूनही लोकं आ वासून पाहतात!

फळं तोडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "लालच तोडा लागते बापू. हिरवं आलं त सारी कॉफी तुरट लागते." चव इथंच ठरते, मशीन नंतरचं. एकाच झाडावर फळं मागंपुढं पिकतात, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. मजुरी वाढते ती त्यानंच.

परत येताना एका नव्या कॅफेत कोल्ड कॉफी घेतली. नुसती साखर अन् चॉकलेट सिरप, कॉफी शोधूनही सापडेना. वाईट वाटलं. पोरं आवडीनं पितात, मग त्यांना खरी चव का मिळू नये? पाकीट घेताना निदान चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या मुळांची भाजलेली पूड, किती ते वाचा. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चालते. अन् भाजल्याची तारीख असेल तर तीही पाहा, जुन्या पुडीचा वास उडून गेलेला असतो.

घरी आल्यावर मावशींकडच्या भाजलेल्या बिया खलबत्त्यात कुटल्या. आईनं बिनदुधाची चाखली, थोडं थांबली अन् म्हणाली, "अजून आहे का रे?"