नाचनबोरच्या अलीकडे पडलेल्या गारा

आमच्या घरात पायी निघण्याला ‘वारी’च म्हणत. घर ख्रिस्ती झालं, शब्द जुनाच राहिला. आजी नगरकडची. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरकडे जाते, तेव्हा आजी पाण्याचा हंडा घेऊन रस्त्याला उभी राहायची. बाप्तिस्मा झाल्यावरही. चर्चच्या मंडळीतल्या कुणी हटकलं तर म्हणायची, “तहानेला का कुणी धर्म विचारतं?” पुढे आजोबांना इंदूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडरची नोकरी लागली, बिऱ्हाड रामबागेत आलं. पालखी मागे राहिली, शब्द बरोबर आला.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण इंदूरहून उदयनगरला चालत गेलो. मी, माझी धाकटी जाऊ, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा, आमच्या मंडळीतले निवृत्त विज्ञानशिक्षक (त्यांना सगळे मास्तरच म्हणतात), त्यांच्या पत्नी आणि नंदानगरातल्या एक केरळी नर्सबाई. तीन दिवसांची चाल, वाटेत दोन मुक्काम. नर्सबाई कॅथलिक, आम्ही बाकीचे प्रोटेस्टंट. आमच्यात संतांच्या कबरीला जायची रीत नाही, म्हणून मी आधी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “मागायला जाऊ नका. बघायला जरूर जा.”

उदयनगरच्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची कबर आहे. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या नन्सच्या संघातल्या. 1992 साली त्या देवास जिल्ह्यातल्या या आदिवासी भागात आल्या. सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या लोकांना त्यांनी सरकारी योजना समजावून सांगितल्या, बचत करायला शिकवलं, हक्काचं मागायला शिकवलं. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांना ते खपलं नाही. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. नाचनबोरच्या डोंगराजवळ बस थांबवून भर रस्त्यात, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांना भोसकून मारलं. त्या वेळी त्या 41 वर्षांच्या होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा हजारो माणसं जमली होती.

पण मला उदयनगरकडे ओढत होती ती त्यांची बहीण. सिस्टर सेल्मी पॉल. 2002 साली त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि ज्या हातांनी बहिणीला मारलं, त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा पान उलटून टाकलं होतं. नंतर मात्र ते मला उलटता येईना.

कारण माझा सख्खा दादा इंदुरातच राहतो आणि आम्ही नऊ वर्षं बोललेलो नव्हतो. आईच्या शेवटच्या आजारात रात्र रात्र जागले मी. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं, रामबागेतलं घर वर्षभरापूर्वीच त्याच्या नावावर झालं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मला घर नको होतं, आजही नको. मला लागलं ते एवढंच, की आईच्या उशाशी मी बसलेले असताना सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणत आले. ‘जशी आम्ही आपल्या ऋण्यांस सूट दिली आहे’ या ओळीशी मात्र माझा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी बसणाऱ्या जाऊबाईंना ते माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

पहिला दिवस सोपा गेला. पहाटे पोहे खाऊन निघालो. शहर संपलं तशी काळी माती लागली. दोन्ही बाजूंना ओंबीवर आलेला गहू, मधे मधे डॉलर चण्याची शेतं, लसणाचे वाफे. पळसाला नुकती केशरी फुलं फुटत होती. मास्तरांच्या पिशवीत टाळ होते. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगाच्या चालीत प्रार्थना करायला शिकवलं, त्यामुळे आमच्या भजनाला टाळ शोभतात. नर्सबाईंना शब्द येत नव्हते, पण ताल त्यांनी अर्ध्या तासात पकडला. रात्री कंपेलला थांबलो. मास्तर म्हणाले, परगण्याची कचेरी आधी इथे होती, 1720 च्या सुमारास ती इंदूरला गेली. आज कुणाला खरं वाटेल? मोठं गाव लहान होतं, लहान गाव मोठं होतं, म्हणत ते झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून हवा बदलली. सकाळी स्वेटर काढायला लावणारा उकाडा, आणि तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून शिसवी रंगाचा ढग वर आला. वारा एकदम पडला. रानातले पक्षी गप्प झाले. मास्तर म्हणाले, “चला, पाय उचला. हा साधा थंडीतला मावठा नाही.” आमच्या माळव्यात थंडीच्या शेवटी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारा वादळी हवेचा पट्टा येतो, अरबी समुद्राकडची ओल त्याला मिळते, आणि वर गारठा नि खाली तापलेली जमीन असली की गारा ठरलेल्या. हे ते चालता चालता सांगत होते आणि पहिली गार माझ्या खांद्यावर बसली. दगड मारावा तशी.

शेतातल्या एका घराकडे आम्ही धावलो. घर कसलं, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला म्हशीचा गोठा. घरधनीण दारातच उभी होती. कोण, कुठले, काही न विचारता तिने आम्हाला आत ओढलं. पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. पुतण्या कानात ओरडून काहीतरी सांगत होता, मला त्याचे फक्त ओठ दिसत होते. पंधरा मिनिटं असेल, वीस असेल. अंगण पांढरं झालं. घरधनी पडवीच्या खांबाला धरून शेताकडे बघत उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत गहू एका अंगावर पडत गेला, कुणी हाताने दाबून निजवावा तसा.

आवाज थांबला तेव्हा सगळ्यात आधी त्यांची नात अंगणात पळाली आणि स्टीलच्या वाटीत गारा भरून घेऊन आली. तिला सण वाटला होता. मास्तरांनी त्यातली बोराएवढी एक गार उचलली, विळीवर मधोमध कापली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आत कांद्यासारखी वर्तुळं होती. एक पांढरं, एक काचेसारखं, पुन्हा पांढरं. ते म्हणाले, “ताई, ढगातला वारा तिला वर फेकतो, ती गोठते. ढगातलं गार पाणी तिला चिकटतं, थर चढतो. ढगात कुठे पाणी जास्त, कुठे कमी, तसा कधी काचेसारखा थर, कधी पांढरा. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की मग खाली पडते.” ती माझ्या हातात वितळेपर्यंत मी बघत बसले. दादाचं आणि माझं असंच झालं होतं. मुळात गोष्ट थेंबाएवढी. मीच तिला रोज रात्री वर न्यायची, रोज एक थर चढवायची. आईच्या वर्षश्राद्धाचा थर, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या न आलेल्या पत्रिकेचा थर, बाजारात त्याने मान वळवली त्याचा थर. नऊ वर्षांत कोण जाणे किती!

पुढे जाणं शक्य नव्हतं. वीज गेलेली, वाट चिखलाची. आम्ही तिथेच राहिलो. घरात पिकाचं सुतक असल्यासारखा शुकशुकाट होता, तरी त्या माउलीने चुलीवर मक्याच्या रोट्या आणि लसणाची चटणी केली. आम्ही पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतले. जेवणं चालू असताना टॉर्चचा उजेड आला. शेजारच्या शेताचा मालक, याचाच चुलतभाऊ. पडवीबाहेरच उभा राहून त्याने विचारलं, म्हैस ठीक आहे ना? घरधनी म्हणाला, ठीक आहे, तुझी? तोही म्हणाला, ठीक आहे. बसला नाही, पाणीही घेतलं नाही, निघून गेला. नंतर घरधनीण भांडी घासताना हळूच म्हणाली, की बांधाच्या वादापायी तीन वर्षं तहसिलीत खेटे चालले आहेत, आणि तीन वर्षांत तो आज पहिल्यांदा दारात आला. “ओला तो सबका खेत में पड्या, बेन,” ती म्हणाली. “म्हारा एकला में नी.” गारा सगळ्यांच्याच शेतात पडल्या, माझ्या एकटीच्या नाही.

मला झोप येईना. ‘तो आपला सूर्य वाइटांवर व चांगल्यांवर उगवतो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो’, हे वचन मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं. बक्षीसही मिळालं होतं, एक पेन्सिल. पण ते प्रभूने कशावरून बोलताना म्हटलं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या आधीची ओळ आहे वैऱ्यांवर प्रीती करण्याची. हवामानाचा दाखला त्याने दिला तो शेतीसाठी नाही, नशिबासाठीही नाही. आभाळ कुणाचा सातबारा बघत नाही आणि तुम्ही मात्र बघता, हे त्याला सांगायचं होतं. मी अंधारात उठून बसले. मास्तरही जागेच होते, कंदिलाची वात कमी करत होते. मी त्यांना विचारलं, “वादळात प्रभू मचव्यात झोपला होता, तो भाग सांगाल?”

त्यांना मार्काचा चौथा अध्याय तोंडपाठ आहे. गालील सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, भोवती डोंगर; वरचा गार वारा एकदम खाली कोसळतो आणि बघता बघता पाणी उसळतं, हे त्यांनी शिक्षकाच्या सवयीने आधी सांगितलं. मग प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. उशीचा उल्लेख एकट्या मार्कानेच केला आहे, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला. शिष्य त्याला उठवतात आणि विचारतात, आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही का? मी म्हटलं, मास्तर, हेच मी नऊ वर्षं विचारते आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, एक बारीक वाक्य आहे, सगळे ते वाचून पुढे जातात. त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते. त्या मचव्यांत प्रभू नव्हता. पण वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला.”

दुसरेही मचवे होते. चाळीस वर्षं मी ती गोष्ट माझ्याच मचव्यात बसून ऐकत आले होते. आई गेली तेव्हा दादाही एका मचव्यात असेल, त्याच्याही नाकातोंडात पाणी गेलं असेल, हे माझ्या मनात कधी शिवलंच नाही. त्याने केलं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. ते चूकच होतं. पण वादळ एकच होतं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. झाडांखाली अजून गारांचे ढीग होते, त्यावर पळसाची फुलं पडलेली. घरधनी पटवारी पंचनाम्याला कधी येईल याचा विचार करत आडव्या गव्हातून चालत होता. मास्तरांनी त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली, तो हात जोडून उभा राहिला. निघताना नर्सबाईंनी नातीच्या गळ्यात स्वतःची शाल गुंडाळली.

नाचनबोरच्या चढावर आम्ही टाळ बंद केले. रस्ता साधाच आहे. एक वळण, सागाची झाडं, खाली दरी. एक बस आली, आम्हाला हॉर्न देऊन वळणाआड गेली. तिच्या खिडक्यांतून माणसं बघत होती, आणि त्या दिवशीही अशाच खिडक्यांतून माणसं बघत असतील हे मनात येऊन माझ्या पायांतलं बळ गेलं. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. नर्सबाई गुडघे टेकून मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटत होत्या. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ऋण्यांच्या ओळीला माझा आवाज मोठा झाला नाही, पण तुटलाही नाही. जाऊबाईंनी माझा हात धरला.

उदयनगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चर्चमध्ये खूप गर्दी होती, दूरदूरच्या पाड्यांवरून बायका आल्या होत्या, कडेवर लेकरं, पायांत चिखल. कबरीपाशी मला फार वेळ मिळाला नाही. मी काही मागितलं नाही. पाळकसाहेबांना दिलेला शब्द होता तो.

बाहेर येऊन पायरीवर बसले. फोनला रेंज आली होती. दादाचा नंबर मी कधी काढून टाकला नव्हता, नुसतं नाव काढलं होतं. लावला. चार-पाच रिंगा गेल्या. मी ठेवणार तेवढ्यात तो “हॅलो” म्हणाला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता. काय बोलायचं मी ठरवलंच नव्हतं.

“दादा,” मी म्हटलं, “काल तुमच्याकडे गारा पडल्या का?”

बराच वेळ काही आलं नाही. मग तो म्हणाला, “पडल्या की. आईची तुळस गेली सगळी.” आणि मग, “तू कुठे आहेस? भिजली नाहीस ना?”