खिडकीतलं आज्जीचं लिंबू

आमच्या हॉलच्या खिडकीत लिंबाची चार रोपं आहेत, घरी येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो की लिंबं कधी लागणार, आणि मी उत्तर द्यायचं सोडून भलतीच गोष्ट सांगत बसते. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढूया.

खानापूरच्या पुढं नंदगडकडं माझं आजोळ. तिथं परड्यात न्हाणीघराच्या मागं आज्जीनं लावलेलं कागदी लिंबाचं झाड होतं, न्हाणीचं सांडपाणी सगळं त्याच्याच बुडात जायचं. लिंबं बारकी, सालीला इतकी पातळ की नखानं पिळली तरी रस यायचा. आज्जी गेल्यावर आठ वर्षं ते झाड तसंच उभं होतं आणि गल्लीतल्या कुणाला उलटी झाली, कुणाच्या घरी पाहुणे आले की लिंबू मागायला माणसं तिथंच यायची. मग मामानं स्लॅबचं घर बांधायला काढलं. घरात माणसं वाढली होती, खोल्या पाहिजेच होत्या, सगळं मान्य, पण झाड तोडायच्या आधी आईला एक फोन करायचा होता. तो केला नाही. आई तिसऱ्या दिवशी सहज म्हणून गेली तर बुंधा कापून ठेवलेला आणि पाया खणायला सुरुवात झालेली, मावशीनं फांद्यांवरची लिंबं तेवढी काढून पिशवीत भरून ठेवली होती. ती पिशवी घेऊन आई बेळगावला आली, आल्यावर बराच वेळ काही बोललीच नाही.

मी ठरवलं की ह्याच्या बिया लावायच्या. दोडक्याच्या, भोपळ्याच्या बिया ठेवतो तशा चाळीसेक बिया धुऊन पेपरवर खिडकीत वाळवल्या, चांगल्या दहा दिवस, खडखडीत. कुंडीत पेरल्या, रोज पाणी घातलं, दीड महिना झाला तरी काहीच नाही. शेवटी माती उकरून बघितलं तर नुसती टरफलं, आत काळपट भुगा. तेव्हा कळलं की लिंबू-संत्र्याच्या जातीचं बी असं खडखडीत वाळवायचं नसतं, फार वाळलं की ते बहुतेक वेळा उगवतच नाही. ज्वारी-हरभऱ्याचं बी वाळल्यावर वर्षभर टिकतं म्हणून आपण सगळ्याच बियांना तोच नियम लावतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं कारण झाड तर गेलंच होतं, आता बीसुद्धा माझ्याच हातनं गेलं असं झालं.

पण फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात चार लिंबं राहिली होती, मागं कोथिंबिरीच्या पिशवीखाली. साल चामड्यासारखी झालेली. कापली तर आत रस होता आणि सतरा बिया मिळाल्या.

ह्या वेळी घाई केली नाही. बियांवर तो बुळबुळीत थर असतो ना, तो फडक्यावर चोळून काढला आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी तीन वर तरंगत होत्या त्या टाकल्या. मग एकेक बी घेऊन टोकाकडनं नखानं साल सोलली. वरची साल पांढरी, कडक, जराशी लाकडासारखी, तिच्या आत अजून एक तपकिरी पापुद्रा, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, तोही निघाला की आत पांढरट गुळगुळीत दाणा. (संत्र्याचं बी असं सोलून बघा, आतला दाणा बहुतेक वेळा हिरवा निघतो, पोपटी हिरवा, मला तर पहिल्यांदा बघून वाटलं की खराब झालाय.) साल काढलीच पाहिजे असं नाही, पण काढली की मोड लवकर येतो. सोललेल्या बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या. जानेवारी होता, बेळगावची थंडी तुम्हाला माहितीच आहे, आणि ह्या बियांना पंचवीस-तीस डिग्रीची ऊब लागते, म्हणून डबा वायफायच्या राऊटरवर ठेवला. आई विचारायची, "काय करूलालीस गं त्या डब्यात सारखं उघडून?" आठव्या दिवशी पहिली मुळी दिसली, पांढरीशुभ्र, वाकडी, तांदळाच्या कणीएवढी. आईला दाखवली तर तिनं चष्मा लावून बघितली, आणि त्या दिवसापासनं डबा ती उघडायला लागली.

ह्यांची मुळी सरळ खाली जाते, म्हणून पसरट कुंडी नको, खोल काहीतरी पाहिजे. मी नंदिनीच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेतल्या, खाली भोकं पाडली, खानापूरकडची लाल माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू असं भरलं. चौदापैकी अकरा बिया वर आल्या. आणि खरी गोष्ट इथनं सुरू होते, कारण अकरा बियांची रोपं झाली एकोणीस! एका बीतनं दोन, काहींतनं तीन कोंब. मला वाटलं चुकून दोन बिया एकत्र पडल्या, पण मी मोजून घातल्या होत्या.

आमच्याच बिल्डिंगमधे बागायत खात्यातनं रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी जिन्यातच बसले. साधारण बी म्हणजे आई आणि बाप दोघांचं मिळून झालेलं मूल, बरोबर? पण कागदी लिंबू, संत्रं, मोसंबी ह्यांच्या बीमधे त्या एका मुलाशेजारी आणखी कोंब तयार होतात, आणि ते परागकणातनं नाही तर आईझाडाच्याच पेशींतनं होतात. म्हणजे ते मूल नाही, ते आईच. हुबेहूब तेच झाड, कलम केल्यासारखं, फक्त बीतनं आलेलं. आणि कागदी लिंबात असे कोंब भरपूर येतात, म्हणूनच लिंबाची रोपं नर्सरीत सर्रास बियांपासनं करतात. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यात इंडीची लिंबं आहेत की, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिकडंही रोपं बियांचीच. संत्र्या-मोसंबीला मात्र जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधतात, म्हणजे त्या रोपाच्या बुंध्यावर पाहिजे त्या झाडाचा डोळा घेऊन कलम करतात, कारण बीचं झाड फळावर यायला सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त घेतं, खुंटामुळं जमिनीतल्या रोगांना, जमिनीच्या गुणाला तोंड देता येतं, शिवाय बीच्या झाडाला काटे फार.

मी काकांना परत परत विचारलं, म्हणजे हे आज्जीचंच झाड का? ते म्हणाले, "एका बीतनं आलेल्यातला एखादा अशक्त, वेगळा दिसणारा कोंब संकराचा असू शकतोय, तो सोडा. बाकी जोमदार आहेत ते बहुतेक तेच झाड समजा." वर घरी येऊन आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग ते मेलंच न्हाई की."

मग मला नाद लागला. गणपतीला आणलेल्या पपनसाच्या बिया लावल्या (खालच्या मजल्यावरच्या अक्का त्याला चक्कोता म्हणतात), पण पपनसाचं तसं नाही, त्याच्या एका बीतनं एकच कोंब येतो आणि तो खरंच दोघांचं मूल असतो, त्यामुळं फळ आईसारखं निघेल याची खात्री नाही. महाळुंगाचंही तसंच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंग. पपनसाचं रोप मी तरीसुद्धा ठेवलंय, त्याचं पान बघण्यासारखं असतं, देठालाच एवढा मोठा पंख की एका पानाखाली दुसरं छोटं पान जोडल्यासारखं वाटतं. लिंबाच्या देठाला तो पंख अगदी अरुंद. ज्यांना फळाची घाईच नाही आणि घरात नुसतं हिरवंगार, चकचकीत झाड पाहिजे त्यांनी पपनसच लावावं असं माझं मत आहे.

आता घरात वाढवायचं म्हणजे काय ते सांगते. आम्ही टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ राहतो, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, टेरेसवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी नाही. दक्षिणेकडची एक मोठी खिडकी तेवढी आहे. लिंबाला ऊन लागतं, पाच-सहा तास तरी, टीव्हीशेजारी कोपऱ्यात ठेवलं तर ते मरत नाही लगेच पण उंच, बारीक, फिकट होऊन झुरत राहतं. एकोणीसमधली बरीच मी वाटून टाकली, चार ठेवली.

पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. मी खत वाढवलं, काही फरक नाही. दोष पाण्यात होता, मी बोअरचं पाणी घालत होते, जे किटलीत पांढरा थर धरतं तेच. त्यातल्या चुन्यानं माती अशी होते की लोह असूनसुद्धा झाडाला घेता येत नाही. नळाचं, राकसकोप धरणाचं पाणी घालायला लागले, पावसाळ्यात गच्चीच्या पायपाचं पाणी बादलीत धरून ठेवलं, वरची माती बदलली, दोन महिन्यांत नवीन पानं गर्द हिरवी आली. पाणी रोज घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच. लिंबाचं झाड पाणी कमी पडून मरण्यापेक्षा बूड कुजूनच जास्त मरतं.

आणि बेळगावचा पाऊस! इथं जूनपासनं जे लागतं ते ऑगस्टपर्यंत कपडे वाळत नाहीत, लिंबाच्या पानावर खैऱ्या रोग येतो तो ह्याच दिवसांत, खरबरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कड. कागदी लिंबाला तर तो फारच लवकर होतो आणि पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांनी एका पानावरनं दुसऱ्यावर जातो. नागअळीनं पान कोरलेलं असेल, त्या चंदेरी वेड्यावाकड्या रेघा दिसत असतील, तर तिथनं तो आत शिरतो. आजोळच्या झाडाला पावसाळ्यात हे दरवर्षी असायचं. माझ्या रोपांना एकदाही झालं नाही, कारण ती छपराखाली आहेत. म्हणजे घरात ठेवण्याचा हा एक मोठा फायदाच आहे.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात खिडकी उघडी होती आणि एका सकाळी पानावर कावळा-चिमणीची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसलं, तपकिरी-पांढरं. पुसायला गेले तर ते हललं. अळी होती, लिंबाच्या फुलपाखराची. जरा हात लावला की डोक्यामागनं दोन नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि असला उग्र वास. आई म्हणाली काढून टाक, रोप संपवेल, आणि खरंच चार दिवसांत एक फांदी बोडकी केली तिनं, मग हिरवीगार झाली, अंगठ्याएवढी. तीन अळ्या होत्या, दोन मी खाली कुणाच्या तरी कढीपत्त्यावर सोडल्या (तोही त्यांना चालतो), एक ठेवली. तिनं खिडकीच्या गजाला स्वतःला एका धाग्यानं बांधून घेतलं, पाठीमागनं कंबरपट्ट्यासारखा एक धागा, आणि कोष केला. नऊ-दहा दिवसांनी ऑफिसला निघताना बघते तर कोष फाटलेला आणि शेजारी ओलं फुलपाखरू, पंख चुरगळलेल्या कागदासारखे, अर्ध्या तासात ते हळूहळू भरले, काळ्यावर पिवळट ठिपके. त्या दिवशी मी तासभर उशिरा पोचले.

फळाचं म्हणाल तर अजून फूलसुद्धा नाही. कागदी लिंबू बीपासनं चौथ्या-पाचव्या वर्षी धरतं, पण ते उन्हातल्या जमिनीतलं, कुंडीत वेळ जास्तच लागणार. एक चूक सांगून ठेवते, एका रोपाचा मी शेंडा खुडला, तुळशीचा खुडतो तसा फुटवे यावेत म्हणून. बीच्या लिंबाचा खुडायचा नाही, ते ठराविक उंचीचं, ठराविक पेरांचं वाढल्याशिवाय वयात येत नाही, शेंडा काढला की तेवढं मागं जातं. बाकीची तीन तशीच वाढू दिली, मोठं आता माझ्या खांद्याला लागतंय आणि त्याचे काटे बोटाच्या पेरापेक्षा लांब आहेत. पण पान चुरगाळलं की तोच वास येतो. न्हाणीघराच्या मागचा. आई भाजी निवडता निवडता मधेच उठून एक पान तोडते, चुरगाळते आणि परत येऊन बसते.

मार्चमधे मामा आला होता, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. चहा होईपर्यंत खिडकीशी उभा होता, सहज पान चुरगाळून नाकाला लावलं आणि तसाच उभा राहिला. मग आईकडं न बघताच म्हणाला, "ताई, हे आपलंच हाय न्हवं?" आई हो म्हणाली. चहा गार झाला त्याचा.

खांद्याएवढं झालेलं झाड त्याला द्यायचं ठरलंय. पाऊस लागला की नवीन घराच्या मागं, पिंपाच्या पलीकडं जागा आहे म्हणे, ऊन चांगलं पडतं. काल त्याचा फोन आला होता, खड्डा किती खोल काढू म्हणून. दोन फूट म्हटलंय, निम्मं शेणखत घाल, आणि पाणी तुंबत नाही ना ते आधी एक कळशी ओतून बघ.