जिन्यातला तिसरा स्विच लागला एकदाचा (आणि एक भूत पण सापडलं)

तर मंडळी, जिन्याचा लाइट खाली आणि वर अशा दोन टू-वे स्विचवर (तीन टर्मिनलवाले, दोन्हीकडून लाइट चालू-बंद करता येतो असे) आधीपासून चालतच होता, आता मधल्या वळणावर तिसरा हवा होता. कागदावर हे दोन मिनिटांचं काम आहे. दोन टू-वे च्या मधे ज्या दोन ट्रॅव्हलर वायरी पळतात त्या दोन्ही वळणावर कापायच्या आणि मधे चार टर्मिनलवाला इंटरमिजिएट स्विच टाकायचा, बस. तो फक्त एवढंच करतो की एका पोझिशनला वायरी सरळ जोडतो आणि दुसऱ्याला फुली मारतो. चौथा स्विच हवा असेल तर अजून एक इंटरमिजिएट मधे, पाचवा हवा तर अजून एक, टोकाचे टू-वे दोनच राहतात. फेज (करंट आणणारी वायर) पहिल्या टू-वे च्या कॉमनला (जे टर्मिनल बाकीच्या दोघांपैकी एकाला आळीपाळीने जोडलं जातं ते), शेवटच्या टू-वे चा कॉमन लाइटला, न्यूट्रल थेट लाइटला जातो, तो स्विचमधून कधीच फिरवायचा नाही.

आधी प्लायवूडच्या तुकड्यावर १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा छोटा बल्ब लावून सगळं जोडून बघितलं. हे खरंच करा, लाज वाटून घेऊ नका. तीन स्विचच्या आठ पोझिशन होतात, त्यातल्या चारमधे बल्ब लागायला हवा आणि चारमधे विझायला हवा, एकेक करून खूण करत गेलो तर बल्ब लागला फक्त दोनच पोझिशनमधे. मधला स्विच एका बाजूला असला की बाकीचे दोन कितीही खटखट करा, अंधारच.

चूक अशी की मी धरून चाललो होतो की वरची दोन टर्मिनल म्हणजे एक जोडी आणि खालची दोन दुसरी. माझ्या स्विचमधे जोड्या उभ्या निघाल्या! म्हणजे एका पोझिशनला मी येणाऱ्या दोन वायरी एकमेकींनाच जोडत होतो. आता नियम केलाय, भिंतीत जाण्याआधी प्रत्येक स्विच मल्टिमीटरच्या बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो) तपासायचा: ज्या दोन टर्मिनलांमधे दोन्हीपैकी कुठल्याच पोझिशनला बीप येत नाही ती दोन म्हणजे एका बाजूची जोडी. टू-वे चा कॉमन पण असाच शोधायचा, जो दोघांशी आळीपाळीने बीप देतो तो कॉमन, तो मधलाच असतो असं काही नाही. (टोकाला कॉमन चुकला तरी लक्षण बरंचसं असंच दिसतं, फक्त अंधार त्या टोकाच्या स्विचच्या एका बाजूला होतो, त्यामुळे आधी कुठे चुकलंय ते ठरवण्यातच माझी अर्धी संध्याकाळ गेली.)

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. साध्या एका स्विचच्या लाइटला आपल्याला सवय असते की स्विच बंद म्हणजे पुढची वायर मेलेली. इथे तसं नाहीच. लाइट बंद असताना पण दोन ट्रॅव्हलरपैकी एकीत फेज असतोच आणि कुठलीत ते स्विचकडे बघून कळत नाही, कोणी खालून बटण दाबलं की तो दुसरीत जातो. तुम्ही वळणावर स्क्रू सैल करताय आणि घरातलं कोणीतरी सवयीने खालचा स्विच दाबतंय, विचार करा. म्हणून एमसीबी (बोर्डातला त्या सर्किटचा ब्रेकर) पाडायची, वर चिठ्ठी चिकटवायची, मग टेस्टर आधी चालू पॉइंटवर बघायचा, मग आपल्या वायरींवर, मग परत चालू पॉइंटवर, कारण मधेच टेस्टरच मेला असेल तर? आणि वायरींच्या रंगावर विसंबू नका, माझ्या पाइपमधून तर सगळ्याच लाल निघाल्या, टोकांना टेपवर नंबर टाकून मग कापल्या.

अजून एक, कोणी सांगेल की वरच्या मजल्याचा न्यूट्रल जवळ आहे तोच घे, वायर वाचेल. नका घेऊ. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला की आरसीसीबी (करंटची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच) पडू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे एक एमसीबी पाडून काम करताना तो न्यूट्रल उघडला तर त्यातून झटका बसू शकतो.

बरं, भूत. सगळं जोडलं, आठही पोझिशन बरोबर आल्या, आणि रात्री बघतो तर बंद केलेला एलईडी मंद चमकतोय. मीटर लावला तर बंद लाइटवर ६० व्होल्टच्या आसपास! घाबरलो, इन्सुलेशन फाटलं वाटलं. पण कारण साधं आहे, लांबच लांब शेजारी पळणाऱ्या वायरींपैकी एकीत फेज असला की दुसरीत कपॅसिटन्समुळे (वायरी एकमेकींना न टेकताच) थोडा दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो, त्यामागे करंट नगण्य असतो पण डिजिटल मीटर इतका कमी करंट खातो की त्याला तेवढं पुरतं, आणि एलईडीला पण. फिलामेंटचा बल्ब लावला तर आकडा जवळजवळ शून्यावर. हा दाब उतरावा म्हणून लाइटला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ (घरच्या लाइनवर थेट लावायला बनवलेला) कपॅसिटर टाकायचं ठरवलंय, हाताशी आहे तो साधा कपॅसिटर तिथे चालत नाही.

उद्या लायसनवाले इलेक्ट्रिशियन काका येऊन अर्थिंग आणि जॉइंट बघणार आहेत, कपॅसिटर त्यांच्यासमोरच लावणार. तोवर वळणावरचा बॉक्स उघडाच, एमसीबी पाडलेली, आणि आम्ही सगळे मोबाइलचा टॉर्च घेऊन जिना चढतोय.