आमची वाटचाल: ढीग होण्याआधीच

आमचा मूळ धंदा भंगार वाहतुकीचा. एक ट्रक, भाड्याचं गोदाम आणि आम्ही दोघं भागीदार. सौर प्रकल्पावरचं पहिलं काम मिळालं ते बांधकाम संपल्यावरच्या साफसफाईचं. वीज सुरू झालेली, पॅनेलांच्या रांगा उभ्या आणि कुंपणाच्या कडेला मोठा ढीग. त्यात भिजलेला पुठ्ठा, पॅलेटच्या (ज्यावर पॅनेलं रचून येतात त्या लाकडी फळीच्या) फळ्या, केबलचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कामगारांचं उष्टंखरकटं आणि अधूनमधून फुटकी पॅनेलं. यातली बहुतेक वस्तू वेगळी ठेवलेली असती तर कोणीतरी पैसे मोजून नेली असती. एकत्र झाल्यावर मात्र ती न्यायलाच पैसे द्यावे लागतात. तेव्हापासून आम्ही ढीग उचलायची कामं हळूहळू सोडली आणि ढीग होऊ न देण्याची कामं मागायला लागलो.

ती मिळायला वेळ लागला. ठेकेदाराला कचरा म्हटलं की शेवटचा आठवडा आठवतो. मग आम्ही त्याच्यासमोर साधा हिशोब मांडायचो. ५४० वॉटची पॅनेलं साधारण ३१ च्या पॅलेटवर येतात. म्हणजे एका मेगावॉटला सुमारे १,८५० पॅनेलं आणि ६० पॅलेटं. ५० मेगावॉटच्या प्रकल्पावर ३,००० लाकडी पॅलेटं, तेवढीच मोठी खोकी, वर प्लास्टिकचे कोपरे, बांधणीच्या पट्ट्या आणि गुंडाळायची पातळ फिल्म. हे सगळं पॅनेलं बसवायच्या मोजक्या आठवड्यांत मोकळं होतं. एक पाऊस आला की पुठ्ठ्याचा लगदा, वारा सुटला की फिल्म शेजारच्या शेतात.

यावर आम्ही बसवलेला नियम अगदी साधा आहे: पॅलेट घेऊन रांगेत गेलेला ट्रॅक्टर रिकामा परतायचा नाही. आदल्या खेपेचं पॅकिंग घेऊनच यायचा. पुठ्ठा त्याच दिवशी छपराखाली, फिल्म वेगळ्या गोणीत. धड पॅलेटं मोजून परत वापरात जातात. फुटक्या फळ्या सरपणाला मागणारे पुष्कळ भेटतात. तिथे लाकडावरचा शिक्का बघावा लागतो. ‘एचटी’ असेल तर लाकडाला उष्णता दिलेली आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड, ते चुलीत जाता कामा नये.

केबलच्या तुकड्यांची गोष्ट वेगळी. त्यात तांबं असतं, त्यामुळे ते उचला असं कोणाला सांगावं लागत नाही. जाळू नका हे सांगावं लागतं. पीव्हीसीचं आवरण जाळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी घटक बाहेर पडतात. हे सांगून फारसा फरक पडला नाही. जळक्या तांब्याला भाव कमी मिळतो आणि सोललेल्या तांब्याला जास्त, हे वजनकाट्यावर दाखवल्यावर जाळपोळ थांबली. पायाच्या काँक्रीटचा राडारोडा आतल्या रस्त्यांच्या भरावाला जातो, लोखंडाला गिऱ्हाईक असतंच.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो फुटक्या पॅनेलांवर. वाहतुकीत, उतरवताना, बसवताना थोडी फुटतातच. वरच्या काचेची जाळी होते, पण खालचा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा चिकट थर ती धरून ठेवतो, म्हणून पॅनेल निर्जीव वाटतं. ते निर्जीव नसतं. उन्हात अशा एकेका पॅनेलवर ५० व्होल्टच्या आसपास दाब तयार होऊ शकतो, आणि काच फुटल्यावर इन्सुलेशनचा भरवसा राहत नाही. म्हणून आमची माणसं आधी काळा ताडपत्रीचा तुकडा टाकतात, मग हात लावतात. कनेक्टरला टोपण लावूनच पॅनेल हलतं. ठेवायचं छपराखालीच, कारण बहुतेक पॅनेलांच्या डाखकामात शिसं असतं आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत जायला नको.

शिवाय कागदपत्रं. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या क्रमांकाचा फोटो आम्ही काढतो. विम्याचा किंवा वॉरंटीचा दावा मिटेपर्यंत पॅनेल विल्हेवाटीला द्यायचं नाही. ‘जागा अडते’ म्हणून घाई करणारे मालक भेटतात, त्यांचं आम्ही ऐकत नाही.

प्रकल्प चालू झाल्यावर कचरा कमी होतो, पण किचकट होतो. जळालेले फ्यूज, इन्व्हर्टरचे पंखे आणि फिल्टर, पॅनेलं धुवायचे झिजलेले ब्रश, यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने माखलेली फडकी. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषून घेणारी सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की फेकून द्यायची सवय असते. खरं तर ती तापवून कोरडी केली की पुन्हा निळी होते. मात्र त्या निळेपणात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून हातमोजे हवेतच. गवताचं म्हणाल तर कापून पॅनेलांखाली ठेवलेला सुका ढीग म्हणजे आगीला आमंत्रण. मेंढ्या चारल्या तर हा कचरा होतच नाही. आमचं बिल कमी होतं, तरी सल्ला तोच देतो.

आता नवीन काम येतंय ते पॅनेलं काढण्याचं. आयुष्य २५-३० वर्षांचं सांगतात, पण गारपिटीने किंवा जास्त क्षमतेची पॅनेलं बसवायची म्हणून जुनी त्याआधीच उतरतात. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या अंदाजात २०५० पर्यंत जगभरात साचणारा पॅनेलांचा कचरा ७.८ कोटी टनांपर्यंत जाऊ शकतो असं म्हटलं होतं. हा आकडा हातात घेऊन माझा भागीदार गेले काही महिने पॅनेलं सुटी करून आतला माल काढायचं यंत्र घेऊया म्हणतोय.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सिलिकॉन पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काच, दहावा भाग अॅल्युमिनियमची चौकट, तांबं एक टक्क्याच्या आसपास आणि चांदी ०.१ टक्क्याहूनही कमी. पण किमतीत त्या चांदीचा वाटा मोठा. भंगारवाला चौकट आणि केबल काढून घेतो आणि बाकीचं टाकून देतो, कारण काच, ईव्हीए आणि सिलिकॉन एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते सोडवायचं तर उष्णता किंवा रसायनं लागतात, त्यांचा धूर आणि पाणी शुद्ध करायची सोय लागते. मागच्या थरात बऱ्याचदा फ्लोरिनयुक्त प्लास्टिक असतं, तेही तापवताना सांभाळावं लागतं. आमच्याएवढ्या धंद्याने त्यात उडी घ्यावी असं मला वाटत नाही. चौकट काढायचं यंत्रसुद्धा मी नको म्हटलं: चौकट काढलेलं पॅनेल वाटेत तुटतं, आणि सगळ्यात सोपा पैसा आधीच काढून घेतलेला माल पुनर्चक्रण करणारा आनंदाने घेत नाही.

म्हणून सध्या आम्ही पॅनेल चौकटीसकट, क्रमांकासह, उभं रचून पुनर्चक्रण कारखान्याला देतो. सिलिकॉनऐवजी कॅडमियम टेल्युराइडची (यात कॅडमियम हा विषारी धातू असतो) पॅनेलं घेत नाही; ती उत्पादकाच्या परत घेण्याच्या योजनेतच जावीत असं मालकाला लेखी कळवतो. पैसे गोदामाच्या छपरावर आणि एका फोर्कलिफ्टवर घातलेत. भागीदाराने यंत्राची कोटेशनं अजून जपून ठेवली आहेत.