लाल विजेट आणि चाळीस किलो

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, गाड्या मोजायच्या काटाघराच्या खिडकीच्या चौकटीला एक जुना अँड्रॉइड फोन बसवलेला आहे. तो अशा कोनात आहे की आत बसलेल्या काटेवाल्या काकांचा हात त्याला पोचतो आणि वजनाची पट्टी (पावती) घ्यायला बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही पडदा दिसतो. पडद्यावर एकच मोठं विजेट, म्हणजे ॲप न उघडता पडद्यावरच दिसणारा आणि दाबता येणारा रंगीत चौकोन. राखाडी असेल तर बाहेरून काट्याच्या कॉम्प्युटरवर कोणीच येऊ शकत नाही. पिवळं असेल तर वाट खुली आहे, पण आत कोणी नाही. लाल असेल तर या क्षणी कोणीतरी लांबून आत आहे. रंगांचा हा अर्थ काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून खिडकीखाली चिकटवला आहे. विजेट मी लिहिलं आहे. यंदाच्या हंगामात एका सकाळी ते लाल असताना चाळीस किलोंचा वाद झाला. वाद त्याच दिवशी मिटला, पण माझ्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

मी वर्ध्यात राहतो. जिनिंग, दालमिल आणि अडत्यांकडची कॉम्प्युटरची कामं करतो. काट्यात कॉम्प्युटरचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. प्लॅटफॉर्मखाली वजन टिपणारे लोडसेल, त्यांच्या तारा जंक्शन बॉक्समधून आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरला आणि इंडिकेटरमधून एक सिरियल केबल कॉम्प्युटरला. वजन ठरतं ते इंडिकेटरमध्ये. कॉम्प्युटर तो आकडा उचलतो, गाडी नंबर जोडतो आणि पट्टी छापतो. पण हंगामात पट्टी अडली की सारंच अडतं. कापसाची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते, आणि प्रिंटर रुसला म्हणून मी वर्ध्याहून पोचेपर्यंत लोकांनी तासभर ट्रॅक्टरवर बसून राहायचं, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून लांबून लॉगिनची सोय केली.

तिथे इंटरनेट आहे ते मोबाईलचंच. मोबाईल नेटवर्कवर कंपनी अनेक ग्राहकांना इंटरनेटवरच्या एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे बाहेरून त्या फोनपर्यंत थेट पोचता येत नाही. फोननेच आपणहून माझ्या भाड्याच्या सर्व्हरशी एसएसएचने (लांबच्या कॉम्प्युटरवर कूटबद्ध जोडणीने काम करायच्या सोयीने) जोडणी करायची आणि त्याच जोडणीतून मी उलट दिशेने आत यायचं. याला रिव्हर्स टनेल म्हणतात. फोनवर टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं ॲप) आहे आणि त्यात ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामचा सर्व्हर. रूट न केलेल्या (पूर्ण ताबा न घेतलेल्या) फोनवर १०२४ च्या खालचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा, ॲपला मिळत नाही, म्हणून तो नेहमीच्या २२ ऐवजी ८०२२ वर चालतो. फोनवरून पुढे काट्याच्या कॉम्प्युटरवर. फोनने जोडणी केलीच नाही तर मी काय, कोणीच त्या वाटेने आत येऊ शकत नाही. ही जोडणी सुरू किंवा बंद होते ती विजेट दाबून. म्हणजे विजेट ज्याच्या हातात, परवानगी त्याची.

विजेटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो रंग खरा ठरावा यासाठी. अशा कामाची बरीच तयार विजेटं शेवटचं बटण कोणतं दाबलं तेवढंच दाखवतात. सर्व्हर चालू केला, विजेट रंगलं. मग फोनच्या बॅटरी बचतीने मागच्या मागे सर्व्हर मारून टाकला तरी विजेट रंगलेलंच. नेट गेलं तरी रंगलेलंच. फोन बनवणाऱ्यांनी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली चालू कामं बंद पाडायचा जो धडाका लावला आहे, त्याचा मला मनापासून राग आहे. माझं विजेट पिवळं होतं ते फोन माझ्या सर्व्हरवरून फिरून परत स्वतःच्याच ८०२२ वर पोचला आणि तिथून एसएसएचची पहिली ओळ मिळाली तरच. आपल्याच दाराची कडी बाहेरून वाजवून पाहावी तसं. दर तीस सेकंदांनी जोडणी जिवंत आहे का ते विचारलं जातं आणि लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं की ती तोडली जाते. अँड्रॉइड आपल्या वेळापत्रकाने विजेट अर्ध्या तासाच्या आत ताजं करत नाही, म्हणून अवस्था बदलली की माझं ॲपच रंग ढकलतं. लाल रंगासाठी लॉगिन पूर्ण झालेल्या जोडण्या मोजतो. प्रत्येक जोडणीची स्वतंत्र प्रोसेस (फोनवर चालू असलेलं काम) असते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून त्या प्रोसेसचं नाव बदललं आहे, तेव्हा मोजणी दोन्ही नावांनी होते.

लाल रंग काकांनी ठरवला. मी हिरवा म्हणत होतो. ते म्हणाले, "हिरवा नाही पायजे जी. हिरवा दिसला का मानूस म्हनते सारं बराबर हाय. कोनी आत असन त लालच पायजे." मला ते एका वाक्यात पटलं. मॅनेजरना मात्र फोन त्यांच्या केबिनमध्ये हवा होता, आणि लॉगिन रात्रंदिवस चालू, म्हणजे घरबसल्या आकडे पाहता येतील. काकांनी साफ सांगितलं, "फोन खिडकीतच राहीन." पगारावर असलेल्या माणसाने हे म्हणणं सोपं नसतं. त्या जिनिंगमध्ये काटा समजणारा आणि काट्याची लाज बाळगणारा माणूस तो एकच आहे, असं माझं मत आहे.

त्या दिवशी आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली होती आणि आभाळ भरलेलं होतं. अशा दिवशी रांगेत घाई असते. ओलावा वाढला की भाव पडतो, आणि ताडपत्रीखाली कापूस किती वेळ कोरडा राहणार? नेमक्या तेव्हा पट्ट्या कोऱ्या निघू लागल्या. काकांनी फोन केला आणि विजेट दाबलं. मी घरून आत गेलो, तिकडे चौकोन लाल झाला.

मी प्रिंटरमधली छपाईची रांग साफ करत असताना समुद्रपूरकडचे एक शेतकरी खिडकीशी आले. येताना त्यांनी हायवेवरच्या धर्मकाट्यावर (सार्वजनिक काट्यावर) भरलेली ट्रॉली मोजून घेतली होती. इथलं भरती वजन, म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचं, तिथल्यापेक्षा चाळीस किलो कमी. त्यांच्यासोबतच्या पोराने खिडकीखालचा कागद वाचला आणि मोठ्याने सांगितलं, "लाल हाय. म्हंजे कोनी तरी आत हाय." पुढचं सांगायला नको. रांगेतले लोक उतरून काट्यापाशी आले.

त्यांच्या संशयाबद्दल मला त्यांना एक अक्षरही बोलायचं नाही. काट्यात मारलेल्या कापसाच्या गोष्टी इथल्या प्रत्येक घरात आहेत. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या हिशेबाने चाळीस किलो म्हणजे ३,२४४ रुपये. वेचणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं देऊन झाल्यावर हाती राहणाऱ्या पैशातले ३,२४४ रुपये.

काकांनी मला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी म्हटलं, "काका, सगळ्यांसमोर बंद करा." त्यांनी विजेट दाबलं आणि माझ्या पडद्यावरची जोडणी जागच्या जागी तुटली. तिकडे चौकोन राखाडी. ट्रॉली पुन्हा मोजली. आकडा तोच.

"पयलेच बदलून ठेवलं असन त?" ते शेतकरी म्हणाले.

प्रश्न अगदी बरोबर होता. मी आता बाहेर आहे एवढंच राखाडी रंगाने सिद्ध होत होतं. आत असताना काय केलं ते रंग सांगत नाही. मी म्हटलं, "दादा, कॉम्प्युटरकडे पाहूच नका. बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेचा आकडा पहा. तो थेट इंडिकेटरमधून येते, माझ्याकडून येत नाही. तो आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळते का ते पहा. आणि इंडिकेटरला सरकारी वैधमापनशास्त्रवाल्यांचं सील आहे, ते तोडल्याशिवाय कॅलिब्रेशनला, म्हणजे वजनाच्या जुळवणीला, हात लागत नाही. काका, सील दाखवा." पोराने सीलचा फोटो काढला. डिस्प्ले आणि पट्टी जुळत होती.

मग त्या पोराने विचारलं, "पन मधातून कोनी तुमची लाईन ऐकून पासवर्ड घेतला त?" रांग तापलेली असतानाही मला बरं वाटलं. एसएसएच जन्मलं ते याच भीतीतून. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणी तरी पासवर्ड टिपून घेतले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळी जोडणी कूटबद्ध करणारा हा प्रोग्राम लिहिला. मी त्याला एवढंच सांगितलं की इथे पासवर्ड चालतच नाही, किल्लीची फाइल लागते, ती माझ्या लॅपटॉपवर आहे, आणि किल्ली कोणाकडे गेली तरी काकांनी दाबल्याशिवाय वाट उघडत नाही. तो "हो जी" म्हणाला.

एवढ्यात मॅनेजर आले. "हायवेचा काटा चूक असंन, रांग चालू द्या." आता माझ्यावरचा संशय मिटला होता, विजेटवरचा मिटला होता, मॅनेजरच्या दृष्टीने विषय संपला होता. पण चाळीस किलो अजून सापडले नव्हते. हा साठ टनी काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो. दहाचा फरक मी सोडून दिला असता. चाळीस नाही.

काकांनी मॅनेजरना उत्तर दिलं नाही. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "पुढे घे. आता मधात. आता मागं." तीच गाडी, तीच माणसं, तीन जागा. पुढे आणि मध्ये आकडा एकसारखा, मागच्या टोकाला गाडी गेली की कमी. म्हणजे वजनातला काही भाग लोडसेलला सोडून दुसरीकडे कुठेतरी उतरत होता. काका लोखंडी सळई घेऊन मागच्या टोकाला बसले. रात्रीच्या पावसाने चाकांबरोबर आलेली काळी माती प्लॅटफॉर्म आणि कडेच्या भिंतीमधल्या फटीत भरली होती आणि तिच्यात गिट्टीचे खडे घट्ट बसले होते. भरलेली ट्रॉली चढली की प्लॅटफॉर्म जरासा दबतो, खड्यांवर टेकतो आणि तेवढं वजन भिंत उचलते. गाडी उतरली की तो पुन्हा मोकळा. त्यामुळे शून्य बरोबर, रिकाम्या गाडीचं वजनही बरोबर. फक्त भरतीचं वजन कमी.

फट साफ झाली. ट्रॉली पुन्हा चढवली. चाळीस किलो वाढले, धर्मकाट्याच्या पट्टीशी आकडा जुळला. काकांनी जुनी पट्टी रद्द करून नवी दिली, विजेट दाबलं, आणि मी आत जाऊन प्रिंटरचं राहिलेलं काम संपवलं. लाल असताना या वेळी कोणी काही म्हणालं नाही.

मला छळतंय ते त्याच्या आधीचं. पाऊस रात्री पडला. काटा सकाळी उघडला. या ट्रॉलीच्या आधी मोजलेल्या सगळ्या ट्रॉल्या त्याच खड्यांवर टेकल्या असणार. त्यांचा कापूस गंजीत ओतून झाला होता. तो पुन्हा मोजता येत नाही. मी संध्याकाळी आत जाऊन सकाळच्या सगळ्या नोंदी काढल्या. त्याच गाड्यांची जुनी रिकामी वजनं पडताळली, ती जुळतात, आणि ती जुळणारच, कारण रिकाम्या गाडीला खडा लागतच नव्हता. भरतीचं वजन कशाशी पडताळणार? त्यांच्यापैकी कोणी धर्मकाट्यावरून आलं नव्हतं. गंजीतून पुढे रुई किती निघाली, गाठी किती बांधल्या, यावरूनही काही कळत नाही. ट्रॉलीमागे चाळीस किलो एवढ्या मोठ्या ढिगात हरवून जातात. माझ्या लॉगमध्ये कोण कधी आत आलं, कोणती फाइल उघडली, हे सेकंदासकट आहे. भिंतीने किती किलो उचलले याची नोंद कशातच नाही.

मी मॅनेजरना म्हटलं, सगळ्या गाड्या एकाच बाजूने चढतात, मागचं टोक सगळ्यांचं एकाच जागी येतं, भरती साधारण सारखी. मग सापडलेला फरकच सगळ्यांना लावा आणि पैसे द्या. ते म्हणाले, "ज्यानं तक्रार केली त्याचं झालं ना." हे मला मान्य नाही. ज्यांच्याकडे दुसऱ्या काट्याची पट्टी नव्हती त्यांचा कापूस कमी वजनाचा होत नाही.

आता काका रोज सकाळी काटा उघडायच्या आधी चारही कडांच्या फटी सळईने साफ करतात आणि पहिली भरलेली गाडी तीन जागी उभी करून आकडे वहीत लिहितात. पाऊस पडला तर दुपारीही. मॅनेजरनी मला विजेटमधला लाल रंग काढायला सांगितलं, लोक उगाच बिचकतात म्हणून. मी नाही म्हटलं, आणि काकांनीही फोन खिडकीतून हलवू दिलेला नाही. त्या सकाळच्या गाड्यांची यादी, शेतकऱ्यांची नावं आणि माझा हिशेब मी मालकांना लेखी दिला आहे, खाली काकांची सही आहे. मालकांनी कागद ठेवून घेतला. पैसे अजून कोणाच्या खात्यात गेलेले नाहीत, आणि दर आठवड्याला मी विचारतो.