सिएनातली एक खिडकी आणि 'कोस्ती'

इटलीत फ्लोरेन्सचे तीन दिवस रांगांमध्ये गेले. त्यावर लिहावंसं काही नाही. लिहायचंय ते सिएनातल्या एका खिडकीबद्दल.

सिएनाचं स्टेशन खाली, गाव टेकडीवर. सरकते जिने संपले तरी दगडी चढ उरतोच. घामाघूम होऊन दारात पोचलो, तर घरमालकीणबाई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून म्हणाल्या, "बॅग कोस्ती ठेवा!" मला ऐकू आलं 'कोसी', म्हणजे 'अशी'. अशी म्हणजे कशी? मी बॅग आडवी केली, मग उभी केली. त्या आपल्या पुन्हा "कोस्ती, कोस्ती!"

वर गेल्यावर कॉफी पिताना त्यांनी समजावलं. साखरेचं भांडं त्यांच्यापाशी, ते 'क्वी'. कप माझ्यासमोर, तो 'कोस्ती'. भिंतीकडचं कपाट दोघांपासून लांब, ते 'ली'. ऐकणारा जिथे आहे त्या जागेसाठी स्वतंत्र शब्द! मी खाली आणि त्या वर, म्हणून माझी जागा 'कोस्ताज्जू', 'तिथे खाली, तुमच्यापाशी'. इटालियन महाकवी दान्तेच्या काव्यात नरकातला नावाडीसुद्धा काठावरच्या जिवंत दान्तेला हाक मारताना 'कोस्ती'च म्हणतो. आज तोस्काना (टस्कनी, सिएनाचा प्रांत) सोडून बाहेर हा शब्द जुनाट ठरलाय. त्याचा भाऊ 'कोदेस्तो', म्हणजे 'तुमच्याकडचा', सरकारी पत्रांत 'आपले कार्यालय' म्हणण्यापुरता टिकून आहे.

मी दोन वर्षं इटालियन शिकलो, पण क्लासमध्ये 'क्वी' आणि 'ली' यापुढे काही नव्हतं. याचा मला खरंच राग आला. व्यवहाराला लागत नाही म्हणून इतका आपुलकीचा शब्द गाळायचा?

त्या रात्री आजीची पोस्टकार्डं आठवत राहिली. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी.' ते 'तिकडे' म्हणजे माझं होस्टेल. जुन्या इटालियन पत्रांतही वाचणाऱ्याच्या गावाला 'कोस्ती'च म्हणत. आपल्या 'तिकडे'ला मात्र तिऱ्हाइताचं गावही सांभाळावं लागतं. आजीला हा शब्द सांगायला हवा होता.

सिएना लोक फ्लोरेन्सहून एका दिवसात उरकतात. मीही तेच ठरवलं होतं, पण चार रात्री राहिलो. गावच्या मुख्य कांपो चौकात दुपारी बसायला जागा मिळत नाही, म्हणून बराच वेळ त्या स्वयंपाकघरातच गेला.

निघताना पाऊस सुरू झाला. गल्लीतून वर पाहून मी ओरडलो, "छत्री कोस्तास्सू राहिली!" 'तिथे वर, तुमच्यापाशी.' बाई क्षणभर थांबल्या, मग दोन्ही हात खिडकीबाहेर काढून टाळ्या वाजवायला लागल्या. छत्री द्यायला त्या स्वतः तीन मजले उतरून आल्या.