त्याच तीन वर्षांचा उलटा क्रम

निवृत्तीला चार महिने उरलेले एक गृहस्थ पत्नीसह निवृत्तीनंतरच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे तपासून घ्यायला आले होते. तक्ता नेटका होता. पुंजी 100 भाग धरली तर पहिल्या वर्षाचा खर्च 4 भाग, दरवर्षी 6 टक्के महागाई, 8 टक्के परतावा. तिसाव्या वर्षीही शिल्लक दिसत होती.

पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेलं तरी पैसा पुरतो, हा आधार त्यांनी अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या 1994 सालच्या अभ्यासातून घेतला होता. तो अभ्यास अमेरिकेतल्या समभाग आणि सरकारी रोख्यांच्या जुन्या आकड्यांवर, किमान 30 वर्षं पैसा पुरावा या अटीवर केलेला आहे. दुसऱ्या बाजारात किंवा चाळीस वर्षांच्या निवृत्तीसाठी तो जसाच्या तसा लावता येत नाही.

मी विचारलं, "तुमच्या खर्चाचे हे 4 भाग कुठून आले?" उत्तर आलं, महिन्याचा खर्च गुणिले बारा. तेव्हा बाईंनी पिशवीतून खर्चाची वही काढली. विम्याचे हप्ते, दातांचे उपचार, छताची दुरुस्ती, दर आठ-दहा वर्षांनी बदलावं लागणारं वाहन, हे कुठल्याच महिन्यात बसत नव्हतं. दहा वर्षांच्या अशा खर्चाची वार्षिक सरासरी मिळवली आणि 4चे 5 झाले. बाकी काहीच न बदलता पुंजी पंचविसाव्या वर्षी संपू लागली. इतकी प्रामाणिक वही फार क्वचित हाती येते.

मग दुसरी तपासणी. दरवर्षी नेमका 8 टक्के परतावा कुणालाच मिळत नाही. म्हणून पहिल्या तीन वर्षांत 20 टक्के घट, 10 टक्के वाढ, 34 टक्के वाढ असं घातलं. सरासरी 8च. पैशाला हात लावला नाही, तर क्रम कसाही असो, 100चे 117.92 होतात. पण वर्षाच्या सुरुवातीला 5, 5.3 आणि 5.62 भाग काढत गेलं, की घट आधी आल्यास तीन वर्षांनी 96.7 उरतात आणि क्रम उलटा होऊन ती शेवटी आल्यास 102.9. सहा भागांचा फरक म्हणजे तोवर वाढलेला एका वर्षाचा अख्खा खर्च! पडलेल्या भावात विकलेले समभाग पुढच्या तेजीत आपल्याकडे नसतात, म्हणून हे होतं. गृहस्थ बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिले.

त्यावरून मांडणी बदलली. दोन वर्षांचा खर्च, 10 भाग, बचत खात्यात आणि अल्प मुदतीच्या ठेवीत. पुढच्या पाच वर्षांसाठी 5-5 भागांचे रोखे, दरवर्षी एकाची मुदत संपेल असे, म्हणजे रोख्यांची एक शिडीच. व्याज महागाईच्या आसपास असलं तर ते वाढत्या खर्चाला पुरतात. उरलेल्या 65 पैकी 15 महागाईशी जोडलेल्या रोख्यांत, 50 समभागांत. समभाग वाढलेल्या वर्षातच त्यातून विकून शिडीच्या टोकाला नवा रोखा घ्यायचा. घसरलेल्या वर्षी तिथे हात लावायचा नाही, शिडी एका पायरीने आखूड होऊ द्यायची.

गृहस्थांना सगळे रोखे दीर्घ मुदतीचे हवे होते, व्याज जास्त म्हणून. तिथे मी अडून बसलो. व्याजदर 1 टक्क्याने वाढले, तर 10 वर्षांच्या ड्युरेशनचा (व्याजदर बदलला की रोख्याचा भाव किती हलतो, याचं माप) रोखा जवळपास 10 टक्क्यांनी उतरतो. 2022 साली अमेरिकेत दर चढले तेव्हा समभाग आणि रोखे एकाच वर्षी पडले. ज्यांना मधेच रोखे विकावे लागले, त्यांना ते तोट्यात विकावे लागले. मुदतीपर्यंत ठेवायचा रोखा खर्चाच्या वर्षाशी जुळलेला असला, की मधल्या भावाची झळ बसत नाही.

तरीही 5 टक्के जास्तच होते. बाईंनीच वहीत रेघ मारून खर्चाचे दोन भाग केले: न टाळता येणारे साडेतीन, पुढे ढकलता येणारे दीड. घसरणीच्या वर्षी दीड भागांत महागाईची वाढ धरायची नाही, असं ठरलं. वाहन तीन वर्षं उशिरा बदलायचं आणि निवृत्ती एक वर्ष पुढे न्यायची, हे गृहस्थांनी आपणहून सांगितलं. पुढच्या तपासणीची तारीख बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.